गळका फुगा, गप्प बसलेली माणसं आणि आमचं लीडरशिप ट्रेनिंग

गारठलेला

गेल्या आठवड्यात ऑफिसात लीडरशिपचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. जेवणानंतरचं सेशन, एसी फुल्ल, आणि ट्रेनरबाईंनी लावली अंटार्क्टिकाला गेलेल्या शॅकल्टनची स्लाईड. बर्फात अडकलेलं एन्ड्युरन्स जहाज, सगळी माणसं जिवंत परत, टाळ्या. मी ही गोष्ट तिसऱ्या कंपनीत तिसऱ्यांदा ऐकली. शॅकल्टन मोठा माणूस होता, वाद नाही, पण त्या स्लाईडवरून आपण शिकतो ते एवढंच की संकटात हसतमुख राहा. संकट आलंच कसं, ते कुणाला आधी दिसलं होतं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही.

म्हणून घरी येऊन बायकोला आंद्रेची गोष्ट सांगितली. ती म्हणाली मला झोप आलीय, लिही कुठेतरी. तर लिहितोय.

सालोमोन ऑगस्ट आंद्रे, स्वीडनचा, पेटंट ऑफिसातला इंजिनियर. १८९५ साली त्याने सांगितलं की उत्तर ध्रुवावर चालत कशाला जायचं, हायड्रोजनच्या फुग्यातून उडत जाऊ. फुगा तीस दिवस हवेत राहील, आणि नुसता वाऱ्यावर सोडायचा नाही, खाली जाडजूड दोर बर्फावर घासत ठेवायचे म्हणजे फुगा वाऱ्यापेक्षा हळू जाईल आणि मग शिडं लावून थोडीफार दिशा देता येईल. लंडनच्या भूगोल परिषदेत ग्रीली नावाच्या अमेरिकन माणसाने त्याला धारेवर धरलं. या ग्रीलीच्या स्वतःच्या आर्क्टिक मोहिमेत २५ पैकी फक्त ६ जण वाचले होते. आंद्रेने म्हणे उलट विचारलं की मी तीनच जीव धोक्यात घालतोय, तुम्ही किती घातले होते? सभागृह खूश. तिथेच मला पहिली खोट दिसते. हजरजबाबी उत्तर देऊन माणूस सभा जिंकतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

पैसे आले. आल्फ्रेड नोबेलने दिले, खुद्द राजाने दिले. फुगा पॅरिसमध्ये शिवला, चिनी रेशमाचे थर, नाव 'ओर्नेन' म्हणजे गरुड. १८९६ च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांपैकी डेन्स बेटावर त्यासाठी लाकडी घर बांधलं, लोखंड आणि सल्फ्युरिक अॅसिडपासून तिथेच हायड्रोजन बनवला, फुगा भरला आणि दक्षिणेच्या वाऱ्याची वाट बघत बसले. वारा काही आला नाही.

आता खरी गोष्ट. टीममध्ये तिसरा माणूस होता निल्स एकहोल्म, हवामानशास्त्रज्ञ. आधीच्या एका स्वालबार्ड मोहिमेत तो आंद्रेचा साहेब होता, म्हणजे कोणी नवखा नव्हे. वाट बघण्याच्या दिवसांत या माणसाने रोज फुग्याची गळती मोजली. शिवणीला लाखो टाके, प्रत्येक टाक्याला भोक, वरून पट्ट्या आणि वार्निश लावूनही गॅस झिरपतोय. रोज साधारण ६८ किलोची उचलशक्ती कमी होतेय. त्याने हिशेब मांडला की हा फुगा तीस नाही, फार तर सतरा दिवस टिकेल. आंद्रेला सांगितलं. आंद्रेने मनावर घेतलं नाही. वारा नव्हताच, त्यामुळे सगळे बोटीत बसून परत निघाले, आणि परतीच्या वाटेवर एकहोल्मला हायड्रोजन प्लांटच्या इंजिनियरकडून कळलं की आंद्रे मधूनमधून गुपचूप फुग्यात जास्तीचा गॅस भरायला सांगत होता.

म्हणजे एकहोल्म जी गळती मोजत होता ती मुळात खोटी, खरी त्याहूनही जास्त!

एकहोल्मने राजीनामा दिला. गावभर चर्चा, की घाबरला. त्याच्या जागी यायला लोक तयारच होते, क्नुट फ्रेंकेल हा सत्तावीस वर्षांचा इंजिनियर आला. दुसरा निल्स स्ट्रिंडबर्ग, चोविशीतला, फोटोग्राफर, नुकताच साखरपुडा झालेला. तो राहिला. आंद्रे तेव्हा बेचाळीस. आधी एकहोल्म असताना टीममध्ये वयाने आणि अनुभवाने मोठा असा एक तरी माणूस होता. आता साहेबाला 'हे चुकतंय' म्हणू शकणारा कोणीच उरला नाही.

११ जुलै १८९७ ला उडाले. उडताक्षणी फुगा पाण्याकडे खेचला गेला, घाबरून २१० किलो वाळू टाकली, आणि तेवढ्यात लक्षात आलं की ज्या दोरांवर सगळं सुकाणू अवलंबून त्यांचे दोन तृतीयांश तुकडे पीळ बसून आपोआप उलगडले आणि किनाऱ्यावरच राहिलेत. ५३० किलो दोर गेला. हलका झालेला फुगा सातशे मीटर वर, आणि मग तो वारा नेईल तिकडे. दहा-साडेदहा तास नीट उडाला, नंतर धुकं, वर बर्फाचा थर, मग बर्फावर आपटत आपटत, आणि १४ जुलैला संपलं. एकूण ६५ तास. तीस दिवसांचं बोलणं होतं.

तिघेही उतरताना धडधाकट होते. पुढचे जवळजवळ दोन महिने त्यांनी बर्फावरून घसरगाड्या (स्लेज) ओढल्या, आणि पायाखालचा बर्फच उलट दिशेला वाहत होता. आधी पूर्वेला फ्रान्झ जोसेफ लँडकडे, मग बेत बदलून नैऋत्येला, दोन्हीकडे पोचले नाहीत. ऑक्टोबरमध्ये क्वितोया म्हणजे पांढरं बेट म्हणतात तिथे टेकले आणि काही दिवसांत मेले. जगाला तेहेतीस वर्षं पत्ता नाही. ऑगस्ट १९३० मध्ये ब्रातवाग नावाच्या नॉर्वेजियन जहाजावरच्या लोकांना त्यांचा तळ सापडला, डायऱ्या सापडल्या आणि स्ट्रिंडबर्गच्या फिल्मसुद्धा. २४० पैकी ९३ फोटो स्टॉकहोमला डेव्हलप करून वाचवले. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी दोन माणसं, तो फोटो शोधून बघाच.

माझा प्रश्न: इथे आंद्रे खोटारडा होता असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला तसं वाटत नाही. मला वाटतं तो माणूस आपल्याच स्वागत समारंभांत अडकला होता. १८९६ ला हात हलवत परत आला तेव्हाच लोक हसले, पुन्हा कसं परत यायचं? तुम्हाला काय वाटतं?

---

रात्रपाळी

धागाकर्त्या, जखमेवर मीठ चोळलंस राव. मी आयटीतला. एका जुन्या कंपनीत (नाव नको) आमच्या प्रॉडक्टला मेमरी लीक होता, म्हणजे सर्व्हरची मेमरी हळूहळू संपत जायची. लीकच! एका पोरीने तो आठवडाभर मोजला, ग्राफ काढला, की चार दिवसांत सर्व्हर झोपणार. मॅनेजर म्हणाला तुझा ग्राफ बरोबर दिसत नाही, आपला सर्व्हर तर महिनाभर चालू आहे. नंतर कळलं की रोज पहाटे तीन वाजता सर्व्हर रीस्टार्ट करायची स्क्रिप्ट त्यानेच लावून घेतली होती आणि ते तिला सांगितलं नव्हतं. क्लायंटला डेमोत दाखवलं, बघा किती स्टेबल. ती पोरगी नोकरी सोडून गेली. पुढचं सांगायला नको.

हायड्रोजन गुपचूप भरायचा म्हणजे काय हे मला शब्दाशब्दाला कळलं.

---

साबुदाणा

@रात्रपाळी, पहाटे तीनची स्क्रिप्ट 😂 आमच्याकडे अजून चालू आहे.

---

अबोली_पुणे

लेख छान पण थोडं असहमत. हे सगळं नंतर कळलेलं शहाणपण आहे. नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक आमुंडसेन काय करत होता? १९१० मध्ये उत्तर ध्रुवाला जातो सांगून पैसे आणि जहाज घेतलं, आणि मदेराला पोचल्यावर माणसांना सांगितलं की आपण दक्षिणेला चाललोय. पैसे देणाऱ्यांना फसवलं, त्याच्याआधीचा संशोधक नान्सेनने जहाज दिलं होतं त्यालाही अंधारात ठेवलं. पण तो १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला, सगळे जिवंत आले, म्हणून तो हिरो. आंद्रे पोचला असता तर गुपचूप गॅस भरणं हे 'दूरदृष्टी' म्हणून तुमच्या त्याच ट्रेनिंगमध्ये स्लाईडवर आलं असतं.

---

गारठलेला

@अबोली_पुणे, चांगला मुद्दा, उत्तर द्यायला दोन चहा लागले. फरक मला असा वाटतो, आमुंडसेनने लपवलं ते कुठे जायचं हे. आपली साधनं चालतात की नाही हे नाही लपवलं. कुत्रे, स्की, कातड्याचे कपडे, याबाबतीत त्याने स्वतःला कधी फसवलं नाही, दोन वर्षं आर्क्टिकमधल्या नेटसिलिक या मूळ रहिवाशांच्या शेजारी राहून शिकला होता. आणि मदेराला त्याने प्रत्येकाला विचारलं, येतोस का? नाही म्हणायची सोय ठेवली. आंद्रेने खोटं बोलून बिघडवलं काय, तर मोजमापच. ज्या आकड्यावर तीन माणसांचे जीव टांगलेत तो आकडाच.

आणि अजून एक, ओर्नेनचं ध्रुवाकडे निघण्याआधी एकदाही चाचणी उड्डाण झालं नव्हतं. एकदाही नाही! आंद्रेची आधीची नऊ उड्डाणं 'स्वेआ' नावाच्या छोट्या फुग्यातली, तीही एकट्याची. त्यातलं एक तर बाल्टिक समुद्रावरून वाहत जाऊन फिनलंडच्या बेटावर आपटलं. तरी साहेबांचं म्हणणं, दोरांनी दिशा देता येते.

---

उंटावरचा_शहाणा

मी मुद्दाम उलटं बोलतो. गळतीने ते मेलेच नाहीत. फुगा सतरा दिवस टिकणार होता ना? टिकला अडीच-तीन दिवस. म्हणजे खाली आणला दोर गेल्याने फार वर चढून गॅस निसटला त्याने, आणि मग धुक्यातल्या बर्फाच्या वजनाने. एकहोल्मचा आक्षेप बरोबर होता पण त्या आक्षेपाचा आणि मृत्यूचा संबंध तुम्ही जोडताय. उद्या रेशमाला एक भोक नसतं तरी ते १४ जुलैलाच आपटले असते कदाचित.

---

गारठलेला

हे मान्य. पूर्ण मान्य. पण बघा, ते दोर सुटले का? दोर कुठे अडकला तर सोडवता यावा म्हणून मध्ये स्क्रूचे सांधे बसवले होते, ते पीळ बसल्यावर आपोआप फिरले. हे एका चाचणीत कळलं असतं. गळतीबद्दल बोलायला निदान एक माणूस होता, दोरांबद्दल कोणी बोललंच नाही कारण ज्याने गळतीबद्दल तोंड उघडलं त्याचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या माणसाला गप्प केलं की दुसरा आपोआप गप्प बसतो, हिशेब सोपा आहे. (आता हे मी सिद्ध करू शकत नाही, माझा अंदाज.)

---

कोकणकडा

शॅकल्टनचं म्हणाल तर मला एन्ड्युरन्सपेक्षा १९०९ चा शॅकल्टन जास्त आवडतो. ९ जानेवारीला दक्षिण ध्रुव ९७ सागरी मैलांवर. जगात तोवर इतकं दक्षिणेला कोणी गेलं नव्हतं. आणि तिथून मागे फिरला, कारण पुढे गेलो तर पोचू पण परत येणार नाही. घरी येऊन बायकोला म्हणाला, मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव तुला बरं वाटेल असं मला वाटलं. आपल्याकडे याला शिर सलामत तो पगडी पचास म्हणतात.

आम्ही सह्याद्रीत ट्रेक नेतो. पावसाळ्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे गड दिसायला लागल्यावर वीस जणांना 'परत फिरा' सांगणं. पैसे भरलेत, रजा काढलीय, रील काढायचंय. एकदा ओढ्याला पाणी वाढल्याने मी परत फिरवलं तर एका काकांनी ग्रुपवर इतकं सुनावलं की पुढच्या रविवारी मलाच शंका आली, आपण भित्रे झालो की काय. तेव्हा एकहोल्मबद्दल मला फार वाटतं.

---

उंटावरचा_शहाणा

शॅकल्टनची आरती पुरे. 'एकही माणूस गमावला नाही' हे अर्धं सत्य. त्याच मोहिमेचा दुसरा गट होता, रॉस समुद्राच्या बाजूला. शॅकल्टन अंटार्क्टिका ओलांडून येईल तेव्हा त्याला वाटेत अन्न मिळावं म्हणून हे लोक डेपो लावत होते. मे १९१५ मध्ये त्यांचं जहाज ऑरोरा वादळात नांगरासकट निघून गेलं, किनाऱ्यावर दहा माणसं, कपडे-सामान बरंचसं जहाजावरच. तरी त्यांनी डेपो लावले. ज्याच्यासाठी लावले तो कधी आलाच नाही, कारण तो दुसऱ्या बाजूला बर्फात अडकला होता आणि यांना कळवायला काही साधन नव्हतं. स्पेन्सर-स्मिथ स्कर्व्हीने वाटेत गेला. मॅकिंटॉश आणि हेवर्ड जवळजवळ वाचले होते, पण सगळ्यांनी नको नको म्हणताना ८ मे १९१६ ला समुद्राच्या ताज्या पातळ बर्फावरून पुढच्या झोपडीकडे निघाले आणि दिसेनासे झाले. तीन माणसं. त्या तुमच्या स्लाईडवर ही तिघं नसतात.

---

साबुदाणा

बाप रे. हे खरंच माहीत नव्हतं. म्हणजे काम चोख केलं आणि ज्याच्यासाठी केलं तोच आला नाही. आमच्या डिपार्टमेंटची कहाणी.

---

कोकणकडा

@उंटावरचा_शहाणा, बरोबर आहे, मान्य. मग कार्लुक जहाज पण घ्या. १९१३, कॅनडाची मोहीम, म्होरक्या स्टेफान्सन. ऑगस्टमध्ये जहाज बर्फात अडकलं. सप्टेंबरमध्ये साहेब पाच जणांना घेऊन 'दहा दिवसांत शिकार करून येतो' म्हणून उतरले. वादळ आलं, जहाज बर्फासकट पश्चिमेला वाहत गेलं, साहेब परत नाहीत. उरलेल्या २५ जणांना सांभाळलं कॅप्टन बॉब बार्टलेटने. जानेवारी १९१४ ला जहाज बुडालं तेव्हा हा पठ्ठ्या आत बसून ग्रामोफोनवर एकेक तबकडी लावत होता, शेवटची शोपाँची अंत्ययात्रेची धून, ती लावून बर्फावर उतरला. रँगेल बेटावर माणसं पोचवली, मग कताक्तोविक नावाच्या एका तरुण इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) शिकाऱ्याला घेऊन बर्फावरून सायबेरिया गाठला, हजारेक किलोमीटर चालून मदत मागितली. तरी अकरा जण गेले.

कताक्तोविकचं नाव कुठल्याच मॅनेजमेंटच्या भाषणात येत नाही. तसंच बेटावर राहिलेल्यांना कपडे शिवून जगवलं ते किरुक नावाच्या इनुइट बाईने, दोन लहान मुली पदरात असताना. दोन्ही मुली वाचल्या. जहाजावरची मांजरसुद्धा वाचली.

---

अबोली_पुणे

आणि स्टेफान्सनचं काय झालं?

---

कोकणकडा

काय होणार, मानसन्मान. १९२१ मध्ये त्याच रँगेल बेटावर त्याने परत माणसं पाठवली, स्वतः गेला नाही. चार पुरुष आणि शिवणकामाला ठेवलेली अॅडा ब्लॅकजॅक नावाची अलास्काची इनुपियाट बाई. चारही पुरुष गेले, ती एकटी जिवंत परत आली. बंदूक चालवायलाही तिथेच शिकली. आणि हो, मांजर याही वेळेस वाचली. मांजरांना लीडरशिप ट्रेनिंग लागत नाही.

---

वास्कोकर

गोव्याहून हजेरी. आमच्या वास्कोत हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली, 'पोलर सर्कल' नावाचं नॉर्वेचं भाड्याचं जहाज, २१ जण, प्रमुख डॉ. कासिम. ते ९ जानेवारी १९८२ ला उतरले आणि फेब्रुवारीत परत गोव्याला. निघताना बँड नाही, हारतुरे नाहीत, गुपचूपच गेले. आमचे बाबा पोर्टात कामाला होते, त्यांनासुद्धा बातमी नंतर कळली म्हणतात.

गारठलेलाने जे स्वागत समारंभांचं लिहिलंय त्यावरून हे आठवलं. वाजतगाजत निघालं नाही तर बर्फ वाईट दिसल्यावर परत यायला कोणाची लाज वाटत नाही. आणि आपलं पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री हिमात गाडलं गेलं तर १९९० च्या सुमारास ते सोडून 'मैत्री' या नव्या स्टेशनला गेले. 'आपलं पहिलं' म्हणून चिकटून बसले नाहीत.

---

गारठलेला

वास्कोकर, हे तर मला अजिबात सुचलं नव्हतं. बाबांना नमस्कार सांगा.

यावरून एक सांगायचं राहिलं. ऑगस्ट १८९६ मध्ये आंद्रे डेन्स बेटावर वाऱ्याची वाट बघत होता तेव्हा नान्सेनचं फ्राम जहाज तीन वर्षं बर्फात वाहून तिथेच येऊन लागलं. नान्सेन त्यावर नव्हता, स्वेर्ड्रुप होता. म्हणजे वाहता बर्फ कसा वागतो हे जगात ज्यांना सगळ्यात चांगलं माहीत ती माणसं याच्या दारात उभी! आणि तरी पुढच्या वर्षी निघताना घेतले लोकरीचे कोट; कातड्याचे कपडे नाहीतच, आणि स्वतः डिझाईन केलेल्या ताठ घसरगाड्या, सामानासकट दोनदोनशे किलोच्या. सामानात शँपेनसुद्धा होती. उतरल्यावर चालावं लागेल हे त्याने मनापासून धरलंच नव्हतं.

---

रात्रपाळी

प्लॅन बी लिहिला म्हणजे प्लॅन ए वर विश्वास नाही असं म्हणणारे साहेब मी पाहिलेत.

---

अबोली_पुणे

डायरी वाचली आहे का कोणी? बर्फावर तो कसा वागला? कारण मला अजूनही त्याची थोडी बाजू घ्यावीशी वाटते.

---

गारठलेला

घ्या की, मीही घेतो. डायऱ्यांत भांडण जवळजवळ नाही. फुगा हवेत असताना त्याने लिहिलंय की आपल्याला लोक वेडे म्हणतील की आपल्या मागोमाग येतील? बर्फावर अस्वलं मारली, मांस शिजवलं, प्राण्यांचे नमुने गोळा केले, हवामानाच्या नोंदी ठेवल्या. ४ सप्टेंबरला स्ट्रिंडबर्गचा पंचविसावा वाढदिवस, आंद्रेने त्याला पहाटे उठवून त्याच्या वाग्दत्तेची आणि घरच्यांची पत्रं दिली, खास या दिवसासाठी जपून आणलेली. स्वतः थंडीने गारठलाय, पण पत्रं जपली.

म्हणजे चांगला माणूस. तीन महिने त्याने त्या पोरांना धीर दिला असणार, ट्रेनिंगवाल्या बाईंच्या सगळ्या स्लाईड्स त्याने पाळल्या. फक्त स्वालबार्डवर एका सहकाऱ्याने वही पुढे केली तेव्हा ती उघडून बघितली नाही.

---

साबुदाणा

एकहोल्मचं पुढे काय झालं? तो भित्राच राहिला का लोकांच्या लेखी?

---

गारठलेला

स्वीडनच्या हवामान संस्थेचा प्रमुख झाला. १९०१ मध्येच त्याने लिहून ठेवलंय की कोळसा जाळून हवेत वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापेल. माणसाला मोजायची सवयच होती. वारला १९२३ ला.

---

साबुदाणा

म्हणजे ब्रातवागच्या आधी सात वर्षं.

---

गारठलेला

हो. फुगा किती दिवस टिकला ते त्याला कधी कळलं नाही.